पाच डॉलरचं झाड

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा बाजार समितीचं आवार उभं राहतं. कांद्याचे ढीग, भोवती व्यापारी आणि मोठ्यानं आकडा पुकारत पुढे सरकणारा माणूस. चित्रांचा लिलाव आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. गायतोंड्यांचं किंवा रझांचं चित्र कोट्यवधी रुपयांना गेल्याची बातमी येते, आपण ‘अबब’ म्हणतो आणि पान उलटतो.

आज मी ज्या लिलावाबद्दल बोलणार आहे, त्यात कोटींची भाषा नाही. अमेरिकेतल्या लिलावघरांत अधूनमधून एक छोटं, काळ्यापांढऱ्यातलं निसर्गचित्र बोलीला येतं. एखादं शेतावरचं कोठार, मागे डोंगर, पुढे बर्चची दोन-चार झाडं. बहुतेक वेळा त्यात माणूस दिसत नाही. खाली पेन्सिलीनं सही असते : लुइजी लुचोनी.

लिलावाच्या सूचीतली नोंद रूक्ष असते. कलावंताचं नाव, कंसात देश आणि जन्ममृत्यूची वर्षं, चित्राचं शीर्षक, ‘एचिंग’ हा शब्द, लांबीरुंदी, सही आहे की नाही, कागदाच्या कडा शाबूत आहेत का, पिवळेपणा किती. शेवटी अंदाजे किंमत. लुचोनींच्या नावापुढे १९०० ते १९८८ ही वर्षं असतात आणि ‘अमेरिकन, जन्म इटली’ किंवा ‘इटालियन-अमेरिकन’ असं काहीतरी. माणूस अकराव्या वर्षी अमेरिकेत आला, पुढची सत्त्याहत्तर वर्षं तिथला झाला, तिथेच वारला. तरी ‘जन्म इटली’ हे दोन शब्द त्याच्या नावाला चिकटून राहिले. या दोन शब्दांबद्दल आणि त्या झाडांबद्दल मला आज थोडं बोलायचं आहे.

लुचोनींचा जन्म उत्तर इटलीतल्या माल्नाते या गावचा. मिलान शहराच्या वर, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी हे गाव आहे. वडील तांबट. तांब्याची भांडी घडवणारा हा माणूस आधी एकटाच अमेरिकेला गेला आणि १९११ मध्ये त्यानं बायकामुलांना बोलावून घेतलं. त्या काळी इटलीतून अमेरिकेला जाणाऱ्यांचा लोंढा होता. १९०१ ते १९१० या दहा वर्षांत वीस लाखांहून अधिक इटालियन तिथे उतरले. लुइजी मोठा झाला तो न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यू जर्सीत. चित्रकलेचं शिक्षण त्यानं कूपर युनियन या संस्थेत घेतलं. गुणवत्तेवर प्रवेश देऊन फी न घेता शिकवायचं, अशी त्या संस्थेची तेव्हाची रीत होती. पुढे नॅशनल अकॅडमीत विल्यम ऑरबाक-लेव्ही यांच्या हाताखाली तो एचिंग शिकला. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्याचं एक तैलचित्र विकत घेतलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. इतक्या तरुण, हयात चित्रकाराचं चित्र त्या संग्रहालयानं घ्यावं, याची तेव्हा मोठी चर्चा झाली होती.

आता एचिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. मराठीत याला अम्लरेखन असा शब्द आहे, पण आपल्या कलाशाळांतली मुलं एचिंगच म्हणतात. एक गुळगुळीत पत्रा घ्यायचा, बहुधा तांब्याचा. म्हणजे बापाचाच धातू. पत्रा तापवून त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा. थर गार झाला की सुईनं त्यावर चित्र काढायचं. सुई धातूला कापत नाही, फक्त मेण खरवडते आणि खालचं तांबं उघडं पाडते. मग पत्रा आम्लात बुडवायचा. जिथं तांबं उघडं तिथं आम्ल त्याला खातं आणि रेष खोल जाते. जी रेष फिकी हवी ती थोड्या वेळानं वार्निश लावून झाकायची, जी गडद हवी ती आम्लात पुन्हा सोडायची. दूरचा डोंगर थोडा वेळ, जवळचं कुंपण जास्त वेळ. शेवटी मेण काढून पत्र्यात शाई भरायची आणि वरची शाई कापडानं पुसून टाकायची. खाचांतली तेवढी उरते. वर ओलसर कागद आणि लोकरी कापड घालून पत्रा दाबयंत्राच्या रुळांमधून काढायचा. उसाच्या चरकाची आठवण व्हावी असं ते यंत्र असतं. कागद खाचांमध्ये शिरतो आणि शाई उचलून आणतो.

यात दोन गमती आहेत. पहिली अशी, की चित्र उलटं येतं. पत्र्यावर डावीकडे काढलेलं झाड कागदावर उजवीकडे उभं राहतं. म्हणजे रोजची दरी कागदावर जशीच्या तशी हवी असेल, तर ती आधी मनात उलटी करून पत्र्यावर काढावी लागते.

दुसरी गंमत पांढऱ्या रंगाची. एचिंगमध्ये पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कागद, आणि तो नुसता राखून ठेवायचा असतो. लुचोनींची आवडती झाडं म्हणजे बर्च. बर्चची साल पांढरीशुभ्र असते आणि तिचे पातळ पापुद्रे निघतात. आपल्याकडचं भूर्जपत्र ज्या झाडाचं, त्याच कुळातलं हे झाड. ‘बर्च’ आणि ‘भूर्ज’ हे शब्दसुद्धा एकाच जुन्या मुळातले आहेत. ज्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्या सालीचा हा अमेरिकन चुलतभाऊ. अमेरिकेतल्या एका जातीला तर ‘कागदी बर्च’ असंच म्हणतात. लुचोनींच्या एचिंगमध्ये बर्चचं खोड हे कोऱ्या कागदाचा तुकडा असतो. भोवतीची पानं, सावल्या, मागचं कोठार, डोंगर हे सगळं बारीक रेषांनी विणत जायचं आणि मधलं खोड तेवढं सोडून द्यायचं. कवितेत जसं काही न लिहिता सोडायचं असतं, तसंच ते काम आहे आणि तितकंच अवघड. एक रेष चुकून आत गेली की खोड मळलं.

ही झाडं आहेत व्हरमाँट राज्यातली. अमेरिकेच्या ईशान्येचं हे छोटं डोंगराळ राज्य. नावाचा फ्रेंच अर्थच ‘हिरवा डोंगर’. १९३० साली त्याची लोकसंख्या जेमतेम साडेतीन लाख होती. लुचोनी १९३०च्या आसपास तिथे जाऊ लागले. तिथले डोंगर पाहून आपल्याला माल्नातेची आठवण येते, असं ते सांगत. शेलबर्नच्या इलेक्ट्रा हॅवमायर वेब या धनाढ्य संग्राहक बाईंनी त्यांना काम दिलं. १९३९ मध्ये त्यांनी मँचेस्टर या गावाजवळ शेतावरचं एक जुनं घर घेतलं. तेव्हापासून उन्हाळा व्हरमाँटमध्ये, हिवाळा न्यूयॉर्कमध्ये, असा त्यांचा जन्मभराचा क्रम झाला. ‘लाइफ’ साप्ताहिकानं १९३७ मध्येच त्यांना व्हरमाँटचा राजचित्रकार म्हणून टाकलं होतं.

ऐकायला हे गोड वाटतं. पण त्या वर्षांतलं व्हरमाँट जरा नीट पाहायला हवं.

अमेरिकेनं १९२४ मध्ये नवा कायदा करून बाहेरून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली. जिथून दरवर्षी लाखांनी माणसं येत होती, त्या इटलीच्या वाट्याला वर्षाला ३,८४५ जागा आल्या. दक्षिण आणि पूर्व युरोपातली माणसं कमअस्सल, त्यांच्यामुळे देशाचं रक्त बिघडेल, असं शिकलेसवरलेले लोक उघडपणे बोलत होते. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२७ मध्ये साको आणि व्हान्झेट्टी या दोन इटालियन कामगारांना देहदंड झाला. तो निवाडा न्यायाचा होता की त्यांच्या विचारांचा आणि वंशाचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि खुद्द व्हरमाँटमध्ये? तिथल्या विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री पर्किन्स १९२५ पासून वंशसुधारणेच्या नावाखाली घराघरांच्या वंशावळी गोळा करत होते. खेड्यातला ‘जुना, अस्सल’ व्हरमाँटर कमी होतोय याची त्यांना काळजी. गरीब, मतिमंद ठरवलेले, फ्रेंच-कॅनेडियन, मूळचे अबेनाकी आदिवासी ही मंडळी त्यांच्या नजरेत खुपत होती. १९३१ मध्ये त्या राज्यात नसबंदीचा कायदा झाला. नावाला ऐच्छिक, पण ज्यांच्यावर तो चालला त्यांच्या इच्छेला किती किंमत होती, हे सांगायला नको. या सगळ्याबद्दल व्हरमाँटच्या विधिमंडळानं माफी मागितली ती २०२१ साली. नव्वद वर्षांनी.

तर ज्या दशकात ‘खरा व्हरमाँटर कोण’ याच्या याद्या बनत होत्या, त्याच दशकात त्या भूमीचा चित्रकार म्हणून मान मिळाला तो माल्नातेच्या तांबटाच्या पोराला. वंशावळ मागणाऱ्यांना त्यानं काही उत्तर दिलं असेल-नसेल. तो कोठारांसमोर बसून राहिला आणि फळ्यांमधल्या फटी मोजत राहिला. त्याच्या चित्रांत छपराची एकेक पट्टी, दगडी कुंपणाचा एकेक दगड, झाडाच्या गाठी जागच्या जागी असतात. तिथल्या शेतकऱ्यानं पाहिलं तर त्यानं म्हणावं, होय, हे आमच्याकडचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रांचा जमाना आला. वास्तववादी चित्र म्हणजे मागासलेपण, अशी हवा झाली. लुचोनी हलले नाहीत. समोर दिसतं ते नीट पाहायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

पण श्रोतेहो, इथे एक प्रश्न मला सुटत नाही आणि तो लपवणं बरं नव्हे. जो चित्रकार फळीची फट सोडत नाही, त्यानं माणसं कशी सोडली? याच व्हरमाँटमध्ये बॅरी नावाचं गाव आहे. ग्रॅनाइटच्या खाणींचं. तिथे दगड घडवायला मोठ्या संख्येनं इटालियन कारागीर आले. काही कारारातले, काही लुचोनींच्या लोम्बार्दी प्रांतातले. बंद शेडमध्ये, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांनी दगड कोरताना उडणारी धूळ त्यांच्या फुफ्फुसांत जाई. सिलिकोसिसनं ऐन उमेदीतली माणसं जात. धूळ खेचून घेणारी यंत्रं बसली ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस. तोवर कित्येकांच्या थडग्यांवरचा दगड त्यांच्याच सोबत्यांनी घडवलेला होता. लुचोनींच्या एचिंगमध्ये डोंगर आहेत, पण ती धूळ नाही. कोठार आहे, पण ते झाडणारी बाई नाही.

‘वास्तववादी’ हा शब्द सूचीत छापलेला असतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावं. वास्तव पुष्कळ असतं आणि चित्रकार त्यातला एक तुकडा निवडतो. शहरातल्या घरात टांगायला लोकांना स्वच्छ खेडं हवं होतं. लुचोनींनी ते दिलं. मी त्यांना दोष देत नाही, पण चित्र पाहताना बॅरीच्या लोकांची आठवण ठेवतो. चित्रातली ती निर्मनुष्य शांतता मला मग थोडी वेगळी दिसते.

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटावं? मी मराठीत कविता लिहितो. घरात आमच्या दखनी, ओट्याच्या खाली उतरलं की मराठी. पाळण्यापासून दोन्ही कानांवर होत्या. तरीही एखाद्या कार्यक्रमात ओळख करून देताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी लिहितात!’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. कौतुकच असतं. टाळ्याही पडतात. मी हात जोडतो. पण ते ‘असूनही’ कानात राहतं. त्या एका शब्दात दार उघडल्याचं कळतं आणि दार होतं हेही कळतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहून गेले. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर डफ घेऊन उभे राहिले. त्यांच्या मराठीला कुणी ‘असूनही’ लावलं, तर ती भाषाच ओशाळेल.

म्हणून लिलावाच्या सूचीतलं ‘जन्म इटली’ मला फारसं खटकत नाही. तिथे ‘असूनही’ नाही. नुसता एक स्वल्पविराम आहे. माणूस इथून आला, स्वल्पविराम, इथे राहिला. वाक्य पुढे चालू. माल्नातेचं उतरतं ऊन डोळ्यांत होतं म्हणूनच कदाचित त्याला व्हरमाँटचं ऊन इतकं स्पष्ट दिसलं. दोन जागा मनात असणं हा उणेपणा नाही. पाहणाऱ्याला ते दुसरं भिंग असतं.

आता पुन्हा किमतीकडे येतो. १९३४ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, रीव्ह्ज लेवेंथल नावाच्या माणसानं न्यूयॉर्कमध्ये ‘असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स’ ही संस्था सुरू केली. चित्र म्हणजे श्रीमंतांची चैन, ही समजूत त्याला मोडायची होती आणि धंदाही करायचा होता. नावाजलेल्या चित्रकारांकडून एचिंग किंवा शिळाछापाची चित्रं करून घ्यायची, एकेकाच्या अडीचशेच्या आसपास प्रती काढायच्या, प्रत्येकीवर चित्रकाराची सही, आणि किंमत पाच डॉलर. चित्रकाराला ठोक दोनशे डॉलर मिळत. सुरुवातीला मोठ्या दुकानांतून आणि मग टपालानं ही चित्रं घरोघर गेली. पाच डॉलर म्हणजे त्या वेळच्या कारखान्यातल्या कामगाराची साधारण दीड दिवसाची मजुरी. फुकट नव्हे, पण शिक्षक, कारकून, परिचारिका यांना मनात आणलं तर परवडणारी. लुचोनींची व्हरमाँटची झाडंही या संस्थेमार्फत विकली गेली.

एचिंगचा मला आवडतो तो गुण हाच. तैलचित्राला एकच मालक असतो. एचिंगच्या अडीचशे प्रती काढल्या, तर त्या अडीचशेही अस्सल. नक्कल त्यात एकही नाही. कवितेचंही असंच असतं. पुस्तकाची हजारावी प्रत घेणाऱ्याला कविता कमी मिळत नाही.

या चित्रांचे पहिले खरेदीदार आता बहुतेक हयात नाहीत. नातवंडं घर आवरतात, भिंतीवरचं आजीचं चित्र कुणाला नको असतं, आणि ते लिलावघरात येतं. बोली होते. लुचोनींची एचिंग बहुधा काही शे डॉलरांत जातात. हातोडा पडल्यावर त्या रकमेवर लिलावघराचं कमिशन चढतं, साधारण वीस-पंचवीस टक्के. विकत घेणाऱ्यानं काही गोष्टी पाहायच्या असतात. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला लागतो का? भिंगातून रेषा अखंड दिसते की छापील ठिपक्यांची? सही पेन्सिलीची आहे का? कुणी चौकटीत बसवण्यासाठी समास कापले आहेत का? उन्हानं कागद तपकिरी झालाय का? शेवटच्या प्रश्नात एक विचित्र गोष्ट आहे. उन्हाचं चित्र उन्हापासून जपावं लागतं.

आणि आणखी एक. लुचोनींनी काढलेली सगळी झाडं आज जागेवर नाहीत. अमेरिकन एल्म हा त्या भागातला डौलदार वृक्ष. गावागावांच्या रस्त्यांवर त्याची कमान असे. १९३० मध्ये एल्मवरची बुरशी अमेरिकेत आढळली, भुंग्यांनी ती पसरवली आणि पुढच्या काही दशकांत लाखो एल्म वाळून गेले. जुनी कोठारंही कोसळली. त्या एल्मची फांदी नेमकी कुठून वळली होती, हे आज त्या गावातल्या माणसाला पाहायचं असेल, तर एका इटालियन पोरानं तांब्यावर सुईनं कोरून ठेवलेली रेष पाहावी लागते. २०२२ मध्ये शेलबर्न संग्रहालयानं लुचोनींचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथे आलेल्या व्हरमाँटच्या लोकांना आपल्याच गावाची ओळख करून देणारा माणूस बाहेरून आलेला होता.

एखादी जागा कुणाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं आणि जन्मदाखल्यावरही. ते कागद महत्त्वाचे आहेत, मी नाकारत नाही. पण आणखीही एक कागद असतो. ज्यानं ती जागा वर्षानुवर्षं न कंटाळता पाहिली, तिच्या कुंपणाचा दगडन् दगड ज्याला माहीत झाला, त्याच्या हातून तो उमटतो. त्याला कुणाचा शिक्का लागत नाही. तुमच्या गावातही असं कुणी असेल. बाहेरून आलेलं, नाव वेगळं, पण गावातलं कुठलं चिंचेचं झाड कुठल्या वर्षी पडलं हे बिनचूक सांगणारं. त्यांच्याकडे कधी जाऊन बसा आणि ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न दुसऱ्या चहानंतर विचारा. आधी झाडाबद्दल विचारा.